ठेव, पत आणि प्रत्यय

पैसा मिळवितांना जितकी चिंता करावी लागते तितकीच तो ठेवतांनाही करावी लागते, हा अनुभव मध्यम स्थितींतल्या गृहस्थास विशेष येतो. धनिकाचें धन दहा ठिकाणीं विभागलेलें असतें. त्यांतलें एक ठिकाण गेलें तरी उरलेलीं नऊ त्याला सांवरून धरतात. ज्याचें हातावर पोट आहे त्याच्याजवळ ठेवण्यासारखें फारसें उरतच नाहीं. परंतु ज्यानें पस्तीस वर्षें नोकरी केली, मुलींचीं लग्नें केलीं, घरावर कौलें चढविलीं आणि शेवटीं फंडाची एक रक्कम हातीं घेऊन जो घरीं बसला, त्याची सारी पुंजी बहुधा एकाच पासबुकांत असते. तें पासबुक ज्या बँकेचें असेल तिच्या दैवाशीं त्या घराचें दैव बांधलें जातें. आणि आश्चर्य हें, कीं मुलीला स्थळ पाहतांना जो गृहस्थ मुलाच्या आजोळापर्यंत चौकशी करतो, तोच बँक निवडतांना कांहींएक विचारीत नाहीं. शाखा घराजवळ आहे, तेथील कारकून ओळखीचा आहे, किंवा व्याज टक्क्या-अर्ध्या टक्क्यानें अधिक आहे, एवढ्यावर आयुष्याची कमाई हवालीं करून तो मोकळा होतो.

मी व्यवसायानें शिक्षक. शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संस्कृत मात्र वडिलांपाशीं घरीं झालें. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण आमच्या ह्या अरण्यप्रदेशांत, म्हणजे पूर्वीच्या ज्या एकसंध जिल्ह्याचे १९८२ सालीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन भाग झाले त्या प्रदेशांत, मास्तराला सर्व कळतें अशी एक भाबडी समजूत अद्याप शिल्लक आहे. झाडीपट्टींत पैसा वर्षभर सारखा येत नाहीं. धानाचा पैसा दिवाळीनंतर येतो, मोहफुलांचा चैत्राच्या सुमारास, तेंदूपानांचा उन्हाळ्याच्या अखेरीस. जेव्हां येतो तेव्हां एकदम येतो, आणि तो ठेवावा कोठें हा प्रश्नही एकदम उभा राहतो. मग कोणी ना कोणी अंगणांत येऊन बसतो व विचारतो, “गुरुजी, ही बँक बुडणार तर नाहीं ना?” ह्या प्रश्नाचें उत्तर ‘हो’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देण्याचा अधिकार मला नाहीं, आणि खरें पाहतां कोणालाच नाहीं. पण तें उत्तर कसें शोधावें ह्याची एक रीत आहे. ती मीं हळूहळू वाचून-विचारून समजून घेतली. तीच येथें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम ‘ठेव’ ह्या शब्दाकडे पाहूं. आपल्या धर्मशास्त्रांत मनूनें व्यवहाराचीं, म्हणजे कज्ज्यांचीं, अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांतलें पहिलें पद ऋणादान व दुसरें निक्षेप. ऋणादान म्हणजे कर्जाचा व्यवहार. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं वस्तु ठेवणें. निक्षेपाचा नियम असा, कीं ज्या स्थितींत ठेवली त्याच स्थितींत वस्तु परत करावी. ठेवणाराच्या अनुज्ञेवांचून तिचा उपभोग घेऊं नये. आणि चोरीनें, पुरानें अथवा आगीनें ती गेली व रक्षणकर्त्यानें तींतून कांहीं घेतलें नसेल, तर त्याच्यावर भरपाईचा बोजा नाहीं. आजीनें शेजारणीकडे आपल्या पाटल्या ठेवल्या, तो निक्षेप.

आतां बँकेंत ठेवलेला पैसा ह्यांपैकीं कोणत्या पदांत बसतो? शब्द ‘ठेव’ आहे, म्हणून आपण तो निक्षेप समजतों. आपल्या नोटा कोठेंतरी तिजोरींत आपल्या नांवाची चिठ्ठी लावून बसल्या आहेत असें चित्र मनांत असतें. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानें १८४८ सालींच हा निर्णय दिला, कीं बँकेंत भरलेला पैसा त्या क्षणीं बँकेचा होतो; बँक ही ठेवीदाराची ऋणको व ठेवीदार हा तिचा धनको. आपल्याकडील कायदाही त्याच तत्त्वावर चालतो. तात्पर्य, नांव ठेवीचें असलें तरी व्यवहार ऋणादानाचा आहे. आपण बँकेस कर्ज देत असतों, आणि ती तें पुढें कोण्या कारखानदारास, बिल्डरास अथवा शेतकऱ्यास देते. पासबुक ही आपण दिलेल्या कर्जाची पावती होय. हें एकदां मनांत ठसलें, कीं पुढचा विचार आपोआप सुचतो. कोणासही कर्ज देतांना शहाणा माणूस त्याची पत पाहतो. मग बँकेस कर्ज देतांना तिची पत कां पाहूं नये?

पत मोजण्याचा धंदा करणाऱ्या संस्था जगांत शंभरांहून अधिक वर्षें आहेत. अमेरिकेंत जॉन मूडी ह्यानें १९०९ सालीं रेल्वे-कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरांनीं श्रेणी देण्याची प्रथा पाडली. आपल्याकडे ‘क्रिसिल’ ही पहिली पतमापन संस्था १९८७ सालीं स्थापन झाली. त्यानंतर १९९१ सालीं ‘इक्रा’ व १९९३ सालीं ‘केअर’ ह्या आल्या. शाळेंतल्या प्रगतिपुस्तकासारखीच ही पद्धति आहे. सर्वांत वरची श्रेणी ट्रिपल ए. तिच्या खालीं डबल ए, मग ए, मग ट्रिपल बी, अशी उतरंड लागते. ट्रिपल बीपर्यंतचा रोखा गुंतवणुकीस योग्य मानतात, त्याखालचा जोखमीचा, आणि डी म्हणजे पैसे देण्यांत चुकलेला किंवा लौकरच चुकणारा. अक्षरांपुढें अधिक-उणें हीं चिन्हें येतात, तीं एकाच श्रेणींतला बारीक फरक दाखवितात.

ही अक्षरें उपयोगी आहेत, पण तीं वाचतांना तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली अशी, कीं ही श्रेणी बहुधा एखाद्या विशिष्ट रोख्याला दिलेली असते. सरसकट सगळ्या संस्थेला किंवा तुमच्या बचत खात्याला नव्हे. एकाच बँकेच्या दोन रोख्यांना दोन निरनिराळ्या श्रेणी असूं शकतात. दुसरी, ती एक अदमास आहे, हमी नव्हे. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: श्रेणी देणाऱ्या संस्थेचें शुल्क बहुधा ज्याला श्रेणी हवी तोच भरतो. परीक्षार्थ्यानेंच परीक्षकाची बिदागी द्यावी अशांतला हा प्रकार आहे. परीक्षक प्रामाणिक असूं शकतो, बहुधा असतोही; पण विद्यार्थ्यास नापास करतांना त्याचा हात क्षणभर अडखळला तर नवल नाहीं.

ह्याचीं उदाहरणें दूरचीं नाहींत. मुंबईची ‘आयएल अँड एफएस’ ही रस्ते, पूल इत्यादींना पैसा पुरविणारी बडी संस्था. तिच्या समूहावर नव्वद हजार कोटींहून अधिक कर्ज होतें. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत तिच्या रोख्यांस ट्रिपल ए ही सर्वोच्च श्रेणी होती. सप्टेंबरांत ती देणीं चुकवूं लागली आणि श्रेणी एका महिन्याच्या आंत शिखरावरून थेट पायथ्याशीं आली. पुढें सेबीनें संबंधित पतमापन संस्थांना दंडही केला. येस बँकेचेंही तसेंच. तिच्या श्रेणी एकेक पायरीनें उतरत होत्या खऱ्या. पण ५ मार्च २०२० रोजीं निर्बंध आले व ५० हजारांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली, तेव्हां कोठें तिचे रोखे डी ह्या श्रेणींत गेले. स्टेट बँकेच्या पुढाकारानें ती सांवरली, १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला; परंतु तिच्या एका प्रकारच्या रोख्यांचे ८,४१५ कोटी रुपये निर्लेखित झाले व तो वाद न्यायालयांत गेला. ठेव आणि रोखा ह्यांतला भेद किती महाग पडूं शकतो हें ह्यावरून दिसतें. म्हणून बँकेच्या शाखेंत बसूनच कोणी ‘ठेवीसारखेंच आहे, व्याज मात्र अधिक’ असें म्हणून कागद पुढें केला, तर सही करण्यापूर्वीं तो कागद ठेवीचा आहे कीं रोख्याचा हें स्पष्ट विचारावें.

येथें मला याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाची आठवण होते. तेथें जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दर्शन, प्रत्यय आणि दान. पहिला जामीन म्हणतो, मी ऋणकोला हजर करीन. दुसरा म्हणतो, हा माणूस विश्वासाचा आहे, माझ्या भरंवशावर द्या. तिसरा म्हणतो, त्यानें न दिल्यास मी देईन. पतमापन संस्था ही दुसऱ्या प्रकारची, प्रत्ययाची जामीन झाली. पण स्मृतिकारांचा दंडक असा, कीं ज्यानें खोटा प्रत्यय दिला त्यानें स्वतः रक्कम भरावी. आजच्या प्रत्ययदात्याच्या अंगावर ती जबाबदारी नाहीं. ज्याच्या चुकीचा भार त्याच्यावर पडत नाहीं त्याचा शब्द ऐकावा, तोलावा, पण त्यावर घर उभारूं नये.

मग तिसऱ्या प्रकारचा, ‘मी देईन’ म्हणणारा जामीन कोणी आहे काय? आहे, आणि ठेवीदारानें सर्वांत आधीं त्याचीच चौकशी करावी. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक व आपल्या महाराष्ट्रांतील लक्ष्मी बँक ह्या दोन बँका कोसळल्या. त्या धक्क्यानें सरकारनें कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हां ही मर्यादा दर ठेवीदारास १,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९३ सालीं एक लाखावर आली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाख झाली. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास कांहीं द्यावें लागत नाहीं. १९७१ पासून सहकारी बँकाही ह्या छत्राखालीं येऊं लागल्या. २०२१ सालीं कायद्यांत सुधारणा झाली, तींत बँकेवर निर्बंध आले असतांही नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हातीं पडावी अशी तरतूद झाली.

ह्या विम्याचे नियम मात्र नीट समजून घ्यावे. पांच लाखांत मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खातीं असलीं तरी तीं सर्व मिळून एकच हिशोब होतो. निरनिराळ्या बँकांत असलीं तर प्रत्येकीचा हिशोब वेगळा. आणि ह्यांत ‘बँक’ ह्या शब्दाला अर्थ आहे. पतसंस्था, मग ती गांवांतली असो कीं मल्टिस्टेट, ह्या विम्याखालीं येत नाहीं. तिची कचेरी बँकेसारखी दिसते, पासबुक बँकेसारखें असतें, पण तिच्या ठेवीमागें हा तिसरा जामीन उभा नसतो. जळगांवची बी.एच.आर. व बीडची ज्ञानराधा ह्या मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवीदारांनीं गेल्या दहा-बारा वर्षांत जें भोगलें त्याचें वर्णन वृत्तपत्रांतून सर्वांनीं वाचलेंच आहे. सर्व पतसंस्था वाईट असें मी म्हणत नाहीं. खेड्यापाड्यांत सावकाराच्या पाशांतून अनेकांना सोडविण्याचें काम त्यांनींच केलें आहे. पण तेथें पैसा ठेवणारानें तो विम्यावांचून ठेवीत आहों हें जाणून ठेवावा.

विम्याच्या मर्यादेपलीकडे ज्याची रक्कम जाते त्यानें बँकेचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा व त्यांतील दोन-तीन आंकडे पहावे. आंकड्यांचें भय वाटण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव गांवोगांव आहेत. त्यांचाच दृष्टांत घेतों. तलावांतलें पाणी म्हणजे लोकांच्या ठेवी. त्या पाण्याला धरून ठेवणारी पाळ म्हणजे बँकेचें स्वतःचें भांडवल. ही पाळ किती उंच आहे हें ‘भांडवल पर्याप्तता’ ह्या आंकड्यावरून कळतें. व्यापारी बँकांनीं तें प्रमाण राखीव थरासह ११.५ टक्के राखावें असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नागरी सहकारी बँकांना आकारानुसार ९ अथवा १२ टक्के. कमीतकमी मर्यादेला टेकलेल्या बँकेपेक्षां चांगली चार-पांच टक्के वर असलेली बँक निर्धास्त. दुसरा आंकडा पाळींतून झिरपणाऱ्या पाण्याचा, म्हणजे थकित कर्जांचा. ज्या कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ तटला तें अनुत्पादक, ज्याला बँकवाले ‘एनपीए’ म्हणतात. मार्च २०१८ मध्यें देशांतील व्यापारी बँकांचें हें ढोबळ प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलें होतें. मार्च २०२५ मध्यें तें सुमारें २.३ टक्क्यांवर आलें. ह्या मापाशीं आपल्या बँकेचा आंकडा ताडून पहावा, आणि एका वर्षाचा न पाहतां तीन वर्षांचा पहावा. आंकडा चढता आहे कीं उतरता, ह्यांत अर्धें उत्तर असतें. तिसरी गोष्ट कर्ज कोणाला दिलें आहे ही. सगळें पाणी एकाच शेतांत सोडणारा तलाव त्या शेताबरोबरच बुडतो.

आतां कोणी विचारील, हे आंकडेच खोटे असले तर? शंका रास्त आहे, आणि तिला आधारही आहे. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या २०१९ च्या अहवालांत थकित कर्जें चार टक्क्यांहूनही कमी दाखविलीं होतीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत उघड झालें, कीं तिच्या कर्जांपैकीं सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच गृहबांधणी समूहाकडे गेली होती आणि ती झांकण्यासाठीं हजारों बनावट खातीं निर्माण केलीं होतीं. ठेवीदारांना आरंभीं सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. पुढें ती वाढली, आणि २०२२ च्या जानेवारींत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. शंभरी ओलांडतांच २०१३ च्या फेब्रुवारींत तिच्यावर निर्बंध आले आणि २०२२ सालीं तिचा परवाना गेला. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेंत २०२५ च्या फेब्रुवारींत १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचें प्रकरण बाहेर आलें. तिला पुढें ऑगस्टांत सारस्वत बँकेनें आपल्यांत सामावून घेतलें. आणि आमच्या अगदीं शेजारीं, नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा शंभर कोटींहून अधिक पैसा सरकारी रोखे खरेदी करण्यासाठीं म्हणून दलालांकडे गेला. पैसे गेले, रोखे मात्र आले नाहींत. ही गोष्ट २००२ सालीं उघड झाली आणि खालच्या न्यायालयाचा निकाल लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. एकवीस वर्षें! त्या अवधींत ठेवीदाराची एक पिढी म्हातारी होते.

ह्यावरून मीं एक निष्कर्ष काढला आहे. आंकडे पहावे, श्रेणी पहावी, पण त्या दोहोंवर सर्वस्व टाकूं नये. ज्या भागाला दान-जामीन आहे, म्हणजे जो भाग विम्याच्या आंत आहे किंवा ज्यामागें प्रत्यक्ष सरकार आहे, त्या भागांत जन्माची पुंजी असावी. उरलेल्या रकमेच्याच बाबतींत आंकड्यांचा व श्रेणींचा खेळ खेळावा. राष्ट्रीयीकृत बँकेवर निर्बंध येत नाहींत असें नाहीं. आपली बँक ऑफ महाराष्ट्र २०१७ च्या जूनपासून २०१९ च्या जानेवारीअखेर रिझर्व्ह बँकेच्या विशेष देखरेखीखालीं होती. परंतु त्या काळांत एकाही ठेवीदाराला आपला पैसा काढतांना अडचण आली नाहीं, कारण तिची मालकी सरकारकडे आहे. विदर्भ-कोंकण ग्रामीण बँक १ मे २०२५ रोजीं महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत विलीन झाली तेव्हां आमच्याकडे बरीच घबराट उडाली होती. मीं लोकांना इतकेंच सांगितलें, कीं ग्रामीण बँकेंत केंद्राचा ५० टक्के, राज्याचा १५ टक्के व पुरस्कर्त्या बँकेचा ३५ टक्के वांटा असतो. फलकावरचें नांव बदललें म्हणून देणें बदलत नाहीं.

आतां माझ्या घरांतली एक गोष्ट सांगतों. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हां फंडाचे व विम्याचे मिळून चौदा लाख रुपये तिच्या हातीं आले. ती गडचिरोली जिल्ह्यांत राहते. तेथील एका पतसंस्थेनें तिला ११ टक्के व्याज देऊं केलें. संस्थेचा प्रतिनिधि माझाच जुना विद्यार्थी. हुशार, नम्र आणि मेहनती. त्यानें मला फोन केला. “गुरुजी, ताईंचे पैसे आमच्याकडे द्या, आणि आपलेंही एक पन्नास हजारांचें खातें उघडा. आपण ठेवले म्हणजे गांवांतले लोक विचारणारच नाहींत.”

त्याच्या ह्या शेवटच्या वाक्यानें मी थबकलों. माझे पन्नास हजार त्याला नको होते. त्याला हवा होता माझा प्रत्यय. गांवांतल्या चाळीस-पन्नास घरांनीं आंकडे न पाहतां, अहवाल न वाचतां, ‘मास्तरांनीं ठेवले ना?’ एवढ्यावर आपला पैसा द्यावा, अशी ती योजना होती. मीं त्याला म्हटलें, “बाळ, संस्थेचा तीन वर्षांचा ताळेबंद मला पाठव. कर्ज कोणाला दिलें तें पाहूं दे.” ताळेबंद कांहीं आला नाहीं. माझें नांव वापरावयाचें नाहीं असें मीं त्याला स्पष्ट सांगितलें. तो त्यानंतर गुरुपौर्णिमेला येईनासा झाला.

बहिणीचें समजावणें त्याहून कठीण होतें. “दादा,” ती म्हणाली, “तुमचें शास्त्र खरें, पण दर महिन्याला माझ्या हातांत किती कमी पडेल तें सांगा.” मीं कागद घेऊन हिशोब मांडला. पतसंस्थेंत वर्षाला १,५४,००० आले असते. डाकघराच्या मासिक प्राप्ति योजनेंत तिच्या एकटीच्या नांवें जास्तींत जास्त नऊ लाख ठेवतां आले, त्यावर ७.४ टक्क्यांनीं ६६,६०० रुपये. उरलेले पांच लाख दोन बँकांत अडीच-अडीच लाख, ७ टक्क्यांनीं ३५,००० रुपये. एकूण १,०१,६०० रुपये. म्हणजे वर्षाला ५२,४०० आणि महिन्याला चार हजार तीनशेंहून अधिक रुपये कमी. तिच्या औषधांचा खर्च जवळजवळ तेवढाच आहे. तिनें बराच वेळ तो कागद पाहिला, आणि मग म्हणाली, “रात्रीं झोंप येण्याची किंमत म्हणावयाची.” तिनें माझा सल्ला ऐकला. तो सल्ला मीं फुकट दिला. किंमत मात्र दरमहा ती देते, हें मी विसरूं शकत नाहीं. म्हणून औषधांचा भार आम्ही भावंडांनीं वांटून घेतला आहे.

वाचकांना असें वाटेल, कीं आतां ती पतसंस्था बुडाल्याची वार्ता येणार. ती बुडालेली नाहीं. आजतागायत ती नियमितपणें व्याज देत आहे, आणि तिनें तें सदैव द्यावें अशीच माझी इच्छा आहे, कारण तींत माझ्या ओळखीच्या कित्येक घरांचा पैसा आहे. कोणी मला थट्टेनें म्हणतो, “गुरुजी, तुमच्या बहिणीचे दोन लाख बुडाले कीं व्याजाचे!” परंतु वैनगंगेच्या पुरांत उडी घालून एखादा पैलतीरीं सुखरूप पोंचला म्हणून पूर उथळ ठरत नाहीं. एका विधवेच्या चौदा लाखांचा निर्णय परिणामावरून तोलावयाचा नसतो. निर्णय घेतांना जें ठाऊक होतें त्यावरून तोलावयाचा असतो.

ह्याच संदर्भांत आमच्या अरण्यभागाचा एक विशेष प्रश्न सांगणें अवश्य आहे. मेंढा-लेखा गांवाला २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागून गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा व चंद्रपूर जिल्ह्यांतील पांचगांव ह्यांनींही तो मिळविला. आज ह्या ग्रामसभा बांबू व तेंदूपानें स्वतः विकतात आणि मोठ्या रकमा त्यांच्या खात्यांत जमा होतात. पण विम्याची मर्यादा एका ठेवीदारास पांच लाख. खात्यामागें किती चुलींचा धूर आहे हें ती पाहत नाहीं. शंभर कुटुंबांनीं वेगवेगळे पन्नास-पन्नास हजार ठेवले, तर सगळे पन्नास लाख विम्याच्या आंत येतात. तेच पन्नास लाख एका ग्रामसभेच्या नांवें एका बँकेंत ठेवले, तर पंचेचाळीस लाख उघड्यावर पडतात. मला विचारावयास आलेल्या एका ग्रामसभेच्या मंडळींना मीं हेंच सांगितलें. मजुरीचे व वांटपाचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यांत लौकर पोंचवावे, आणि सामाईक निधि सरकारी मालकीच्या बँकेंत, शक्य तर दोन बँकांत विभागून ठेवावा. एक म्हातारा गोंड गृहस्थ मन लावून ऐकत होता. तो म्हणाला, “म्हणजे बियाणें एकाच कोठींत भरूं नये, असेंच ना?” माझ्या सगळ्या व्याख्यानाचें सार त्यानें एका वाक्यांत सांगितलें.

शेवटीं गृहिणींसाठीं दोन शब्द. घरांतला पैसा कोठें आहे हें पुष्कळ घरांत एकट्या पुरुषालाच ठाऊक असतें, आणि तो गेल्यावर बायकामुलें कपाटांतल्या पावत्या हुडकीत बसतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यास चार वारसांपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. तिचा लाभ घ्यावा. वर्षांतून एक संध्याकाळ, पाडव्याची असो कीं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसाची, सगळीं पासबुकें मांडून बसावें. कोणत्या बँकेंत किती, ती बँक आहे कीं पतसंस्था, रक्कम विम्याच्या आंत आहे कीं बाहेर, आणि वारस म्हणून कोणाचें नांव लावलें आहे, हें एका वहींत लिहून त्या वहीची जागा घरांतल्या दोन माणसांना तरी दाखवून ठेवावी. ह्या कामास एक तास पुरतो. तेवढ्या अवधींत कोणताही प्रश्न अनुत्तरित राहिला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाखेंत जाऊन तो विचारावा. धनकोनें ऋणकोला प्रश्न विचारण्यांत संकोच कसला?